बिलाच्या मागच्या बाजूचा माणूस

आमच्या कंपनीत एक गृहस्थ होते. ते माल विकायला जायचे आणि गिऱ्हाइकाला घाबरवून परत यायचे. तरीही माल विकला जायचा. हे कसं होत होतं, ते त्यांच्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसूनही मला समजलं नाही.

एरवी मला माणसं ओळखायला वेळ लागत नाही. लग्न होऊन नाशिकहून सुरतेला आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर नोकरी धरली, आणि तेव्हापासून उधन्याच्या या ऑफिसात कोटेशन, बिलं आणि माल रवाना करणं माझ्याकडे आहे. फोनवरचा आवाज ऐकून मी सांगते, हा माल घेणार आहे की नुसता भाव काढतोय. शेठही मला विचारतात, "बेन, हा कसा वाटतो?" मी सांगते, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. या एका माणसाबद्दल मात्र मला कोणी विचारलं असतं, तर मी एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी दुसरं उत्तर दिलं असतं.

आम्ही प्लास्टिकचा दाणा बनवतो. बादल्या आणि डबे ज्याचे होतात तो दाणा वेगळा. आमच्याकडे नायलॉनमध्ये काचेचे तंतू मिसळतात, कशात उष्णता सोसणारं काही घालतात, कशात घासून झिजू नये म्हणून आणखी काही. त्या दाण्यापासून लोक गिअर, लिव्हर, पंपाचे पंखे असे मशीनचे भाग ओततात. बादली फुटली तर घरातली बाई दोन शिव्या घालून दुसरी आणते. आमच्या दाण्याचा भाग तुटला तर कुणाचं तरी अख्खं मशीन थांबतं, आणि मग मशीनवाला भाग ओतणाऱ्याकडे बोट दाखवतो, ओतणारा आमच्याकडे, आणि आम्ही कागदाकडे.

तो कागद म्हणजे बिलाची मागची बाजू. तिथे विक्रीच्या अटी छापलेल्या असतात. त्या सगळ्या या गृहस्थांनी लिहिलेल्या होत्या. गुजरातीत अटीला शरत म्हणतात, म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं शरतकाका. ते मूळचे धुळ्याचे. आधी आमच्याच प्रयोगशाळेत केमिस्ट होते. एकदा आमच्या विक्रीच्या माणसानं एका गिऱ्हाइकाला तोंडाला येईल ते वचन दिलं आणि कंपनीच्या गळ्याशी आलं, तेव्हा शेठनी चिडून त्याला काढलं आणि काकांना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही जा. तुम्ही निदान कमी बोलता."

काका कमी बोलायचे हे खरं. पण जे बोलायचे ते ऐकून समोरच्याचा चहा गार व्हायचा. गिऱ्हाईक नवा भाग काढणार असेल तर काकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "हा तुटला तर कोण मरेल?"

सुरतेत धंद्याच्या पहिल्या भेटीत असलं कोणी बोलत नाही. लोक कानाला हात लावायचे. एकदा वराछाचा एक खेळणीवाला ऑफिसात आला होता. तो हसत म्हणाला, "काका, शुभ शुभ बोला. खेळण्यातली मोटार आहे. तुटली तर कोण मरणार?"

"मूल रडेल," काका म्हणाले.

"ते तर रडणारच. मूल आहे."

"ते रडणं कुणाच्या हिश्श्याला, ते आधी ठरवू. आमच्या की तुमच्या?"

खेळणीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी बिलं लावत होते, मी मान वर केली नाही. त्यानं रडणं स्वतःच्या हिश्श्याला घेतलं आणि माल नेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. मी त्याला विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" तर म्हणाला, "बेन, बाकीचे सगळे म्हणतात काही होणार नाही. हा एकटा माणूस म्हणाला की होऊ शकतं. मग मी याच्याकडूनच घेणार ना?" हे उत्तर मला तेव्हा पटलं. घरी जाऊन विचार केल्यावर पटेनासं झालं.

सुरतेच्या बाजारात सौदा तोंडी होतो. कागद पुढे केला की समोरच्याला वाटतं, आपल्यावर भरोसा नाही. काका मात्र बिल उलटं करायचे, उभे राहायचे आणि अटी मोठ्यानं वाचून दाखवायचे. शाळेत प्रार्थना म्हणतात तसं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, बसा तरी." काका म्हणायचे, "बसून वाचलं की माणूस गाळतो." भाव कच्च्या तेलाबरोबर रोज हलतात म्हणून त्यांनी एक अट घातली होती, की कोटेशनचा भाव त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच. एका व्यापाऱ्यानं चिडवायला विचारलं, संध्याकाळ म्हणजे किती वाजता? काकांनी ते चिडवणं म्हणून घेतलंच नाही. दोन दिवस विचार केला आणि पुढच्या छपाईत घातलं, "संध्याकाळ म्हणजे आमच्या कारखान्यातील दिवे लागेपर्यंत." त्यानंतर पावसाळ्यात आभाळ भरून आलं आणि दुपारीच दिवे लावावे लागले, की मला फोन यायचे : बेन, भाव संपला का?

अटी दरवर्षी वाढत गेल्या आणि कागद तेवढाच राहिला. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. मी म्हटलं, "काका, हे वाचता येत नाही." त्यांना ते एकदम पटलं. त्या दिवाळीत कंपनीतर्फे गिऱ्हाइकांना काजूकतली जायची, ती त्यांनी बंद केली आणि प्रत्येकाला एकेक भिंग पाठवलं. शेठना ते दिवाळीनंतर कळलं. शेठ माझ्यावर ओरडले, कारण पाठवण्याचं काम माझं. मी म्हटलं, मला डबे बांधलेले मिळाले, आत काय आहे ते मी कशाला बघू?

कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींची त्यांची एक अट होती. पूर, भूकंप, संप, बंदरात जहाज अडकणं, हे मला समजत होतं. तापीकाठच्या माणसाला पूर समजावून सांगावा लागत नाही. पण त्या यादीत मधेच उंदीर होता. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा झालंय." काय झालंय ते सांगितलं नाही. साथ येऊन गेली, कारखाने बंद पडले, पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यांनी यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली, "तसेच आज आम्हाला सुचत नाही अशी प्रत्येक गोष्ट." शेठचे वकील ती वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण खोडली नाही. म्हणाले, "काका, कोर्टात चालणार नाही. पण खरी आहे. राहू द्या."

असा माणूस घरीदारी किती जपून वागत असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. उधन्याचा मुख्य रस्ता ते डावीकडे उजवीकडे न बघता ओलांडायचे. ट्रक कचकन ब्रेक मारायचा, ड्रायव्हर आईवरून शिवी द्यायचा, आणि काका पलीकडे जाऊन सुपारी घ्यायचे. त्यांनी कधी विमा उतरवला नाही. एक एजंट चिकाटीनं आला, तर काकांनी त्याची पॉलिसी सबंध वाचली, मागची बाजू दोनदा वाचली, आणि कौतुकानं म्हणाले, "ज्यानं हे लिहिलंय तो फार हुशार आहे. एवढ्या हुशार माणसाच्या वाटेला मी जात नाही." एजंटाला चहा पाजून परत पाठवला.

एकदा आमच्या फाटकासमोर एका टेम्पोचा काहीतरी पार्ट गेला. टेम्पोवाला ओळखीचा ना पाळखीचा. काकांनी त्याला स्वतःच्या स्कूटरची किल्ली दिली, जा, पार्ट घेऊन ये. नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. मी म्हटलं, "काका, ही काय पद्धत? तुम्ही तर खेळण्याच्या मोटारीला अटी घालता!"

"ते गिऱ्हाईक."

"मग हा?"

"हा माणूस आहे. माणसाला कसली अट घालायची?"

"आणि गिऱ्हाईक कोण असतं?"

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं येणार. म्हणाले, "तुमच्या डब्यात आज काय आहे?" स्कूटर संध्याकाळी परत आली, पेट्रोल भरून. त्यावरून त्यांचं बरोबर ठरतं की चूक, हेही मला नीट सांगता येत नाही. न आली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता कामरेजची गोष्ट सांगते. या माणसाबद्दल कोणाला सांगायचं तर तीच सांगावी लागते, आणि तीच मला सर्वांत कमी कळलेली आहे.

सुरतेबाहेर कामरेजला आमचं एक गिऱ्हाईक होतं. पारोळ्याकडचा, खानदेशी माणूस. आधी मी राहते त्याच डिंडोलीत राहायचा, उधन्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात सुपरवायझर होता. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही तेच म्हणते. लूममध्ये एक छोटा लिव्हर असतो, दिवसभर खटखट आपटत राहतो आणि सारखा तुटतो. भाऊनं तो आयुष्यभर बदलला होता. त्याच्या डोक्यात आलं की तो आपणच चांगला बनवावा. नोकरी सोडली, कामरेजला शेड घेतली, भाग ओतायचं एक जुनं मशीन बसवलं, बायको आणि आईला घेऊन शेडच्या मागच्या खोल्यांत राहायला गेला. लूम बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याच्याकडून लिव्हर घ्यायचं कबूल केलं, पण एका बोलीवर : दिवाळीनंतर पहिला लॉट चाचणीत पास झाला पाहिजे. नापास झाला की पुन्हा दारात यायचं नाही. भाऊकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शेड चालणार की मोडणार, ते त्या लॉटवर होतं.

काकांनी त्याला आमचा काच घातलेला नायलॉन सुचवला. आणि त्याच्यापुढे बिल उलटं करून एक अट तीनदा वाचली. नायलॉन हवेतलं पाणी पितो. पाणी प्यालेला दाणा न सुकवता ओतला तर भाग दिसायला चांगला होतो आणि आपटला की काचेसारखा फुटतो. म्हणून पिशवी आतून चकचकीत पत्र्यासारख्या अस्तराची असते आणि सील केलेली असते. भाऊकडे सुकवायचं मशीन, म्हणजे ड्रायर, नव्हता. काका म्हणाले, "सील उघडलं की पिशवी तासाभरात मशीनमध्ये गेली पाहिजे. मग ड्रायरशिवाय चालेल. उघडी राहिली तर नाही. खरेदीदारानं सील उघडल्यावर आमची जबाबदारी संपली. समजलं?"

"समजलं साहेब," भाऊ म्हणाला. तो काकांना साहेब म्हणायचा.

माल धनत्रयोदशीच्या आधी पोहोचला. सुरतेत दिवाळीला धंदा बंद होतो तो लाभपाचमीला उघडतो. भाऊनं ठरवलं, पूजा धनत्रयोदशीला, मशीन सुरू लाभपाचमीला. पूजेला आम्हाला दोघांना बोलावलं. शेठनी गाडी दिली.

शेड झाडून पुसून लख्ख होती. दारात झेंडूचं तोरण, मशीनला हार, आणि पिशव्या भिंतीशी रांगेत. भाऊची आई नवं लुगडं नेसून कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. भाऊनं काकांच्या हातात कात्री दिली, लाल रिबन बांधलेली. "साहेब, पहिली पिशवी तुमच्या हातानं."

काकांनी कात्री घेतली. पिशवीवर छापलेल्या सूचना असतात, त्या त्यांनी चष्मा लावून वाचल्या, जशा काही त्या त्यांनी लिहिलेल्याच नव्हत्या. मग पिशवी सरळ रेषेत कापली. टाळ्या झाल्या. म्हातारीनं आत कुंकू-अक्षता टाकल्या आणि काकांना टिळा लावला. एक पिशवी उघडी, मला वाटलं, त्यात काय. तेवढ्यात भाऊची बायको मला हाताला धरून मागे घर दाखवायला घेऊन गेली. मला बसवून ती परत बाहेर गेली. मी चहा घेतला, शेजारच्या बायकांशी बोलले, बऱ्याच वेळानं बाहेर आले.

सगळ्या पिशव्या उघड्या होत्या. प्रत्येकीत कुंकू, प्रत्येकीत एक फूल. काका कात्री हातात घेऊन मधोमध उभे होते, कपाळभर टिळा, आणि गळ्यात कुणीतरी हारही घातला होता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, पिशव्या सगळ्याच उघड्या?"

"हो."

"चालेल?"

"नाही."

"मग?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "इकडचा ऊस यंदा चांगला आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "उद्या फोन करून बंद करायला सांगा. दोरीनं बांधा म्हणावं, टेप लावा म्हणावं." त्यांनी मान हलवली. दिवाळीच्या दिवशी त्यांनी फोन केला, हे मला नंतर भाऊनंच सांगितलं. खूप वेळ बोलले. फराळाला काय केलं विचारलं, आईची तब्येत विचारली. शेवटी विचारलं, "पूजा अजून मोडली नाही ना?" भाऊ म्हणाला, "लाभपाचमीपर्यंत कशी मोडू साहेब?" काका म्हणाले, "बरोबर," आणि फोन ठेवला. जो माणूस अनोळखी व्यापाऱ्याला पहिल्या भेटीत मरणाची गोष्ट काढून विचारतो, त्याला 'पिशव्या बंद करा' हे एक वाक्य फोनवर बोलता आलं नाही. त्या दिवाळीत नेमका अवकाळी पाऊसही पडला.

लाभपाचमीला मशीन सुरू झालं. लिव्हर सुंदर निघाले. चाचणीत आपटले आणि फुटले. लूमवाल्यांनी भाऊला पुन्हा एक संधी दिली, ती केवळ त्याच्या जुन्या ओळखीमुळे. पण ओतायला नवा माल हवा होता, आणि तो आणण्याची भाऊची ताकद नव्हती. तो आमच्या ऑफिसात आला, फुटलेले लिव्हर रुमालात बांधून.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. शेठनी सगळं ऐकून घेतलं. शेठ वाईट नाहीत, पण धंद्यात बसलेले आहेत. त्यांनी बिल उलटं केलं, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि अट शोधून काढली. खरेदीदारानं सील उघडल्यानंतर विक्रेत्याची कोणतीही जबाबदारी राहणार नाही.

"काका," शेठ खूश होऊन म्हणाले, "इतकी वर्षं मी तुमच्या या कागदाला हसलो. आज कामाला आला."

"ही अट इथे लागू होत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे? तुम्हीच लिहिलीय."

"म्हणूनच सांगतो. खरेदीदारानं उघडल्यास, असं लिहिलंय. सील खरेदीदारानं उघडलेलं नाही. मी उघडलं. मी विक्रेत्याचा माणूस."

"एक पिशवी तुम्ही कापलीत. मुहूर्ताची. ते भाऊनं सांगितलं मला."

"सगळ्या मी कापल्या."

भाऊनं तोंड उघडलं. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही मधे बोलू नका. तुमचं बोलणं तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं."

शेठ थोडा वेळ किल्ल्यांचा जुडगा फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बेन, तुम्ही तिथे होता. कोणी कापल्या?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. भाऊच्या मांडीवर तो रुमाल होता. मी जे पाहिलं तेच सांगितलं. "पहिली काकांनी कापली ती माझ्यासमोर. नंतर मी आत गेले. बाहेर आले तेव्हा सगळ्या उघड्या होत्या आणि कात्री काकांच्या हातात होती." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तरी बोलून झाल्यावर मला वाटलं, मी कुणाच्या तरी बाजूनं बोलले. कुणाच्या, ते कळलं नाही.

"माल द्या त्याला," शेठ म्हणाले. "बदली म्हणून. अट बदली नका करू, ती चांगली आहे." मग काकांना म्हणाले, "आणि काका, सोमवारपासून तुम्ही बाहेर जायचं नाही. ऑफिसात बसा. जो माणूस स्वतःच्या हातानं सगळ्या पिशव्या फाडतो, त्याला मी गिऱ्हाइकाकडे पाठवू शकत नाही. बराबर?"

"बराबर," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. आनंदही दिसला नाही. जेवायची वेळ झाली म्हणून ते उठले.

भाऊ गेल्यावर शेठनी मला थांबवलं. "काकांचा उजवा खांदा धरलेला आहे. फायलींचं कपाटही ते डाव्या हातानं उघडतात. इतक्या पिशव्या ते कापतील?"

"मग तुम्ही माल का दिलात?"

"भाऊसमोर मी काकांना खोटं ठरवलं असतं, तर उद्यापासून त्यांचा कागद कोण मानणार?" शेठ म्हणाले. मग स्वतःच गोंधळल्यासारखे झाले. "की मलाच त्यांनी यात अडकवलं, बेन?" मी बदली मालाचं चलन करायला घेतलं.

बदली माल घेऊन मीच कामरेजला गेले, कारण काकांना बंदी आणि दुसरं कोणी तयार नव्हतं. पिशव्या उतरवून झाल्यावर भाऊची बायको माझ्याजवळ येऊन बसली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, माले कोनी इचारंच नही." मग माझ्यासाठी साध्या मराठीत सांगायला लागली. पिशव्या तिनं कापल्या होत्या, भाजीच्या सुरीनं. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे धान्याची रास मांडून पूजा करतात, बांधलेल्या पोत्याची करत नाहीत, लक्ष्मीला तोंड दिसायला नको का? तिनं नवऱ्याकडे बघितलं तर तो काकांकडे बघायला लागला. काका काही बोलले नाहीत. म्हणून तिनं कापायला घेतल्या. "साहेब बाजूला उभे होते. मला म्हणाले, सरळ कापा, वाकडी नको. एवढंच."

"सरळ कापा म्हणाले?"

"हो. दोन पिशव्या त्यांनी मला धरूनसुद्धा दिल्या."

दुसऱ्या दिवशी मी काकांना गाठलं. मी आडून विचारत नाही. म्हटलं, "काका, तिनं कापल्या. तुम्ही उभे होता. तोंडातून शब्द का नाही काढला? आणि नाही काढलात तर केबिनमध्ये खोटं का बोललात?"

त्यांनी डबा उघडला, कोशिंबीर माझ्यापुढे सरकवली. "खोटं कुठे बोललो? मी नको म्हटलं असतं तर पिशवी उघडली नसती. म्हणजे कोणी उघडली?"

"मग नको म्हणायचं होतं!"

"त्या म्हातारीला?" ते माझ्याकडे असं बघायला लागले, जशी काही मीच विक्षिप्त आहे. "ती देवाचं करत होती, बेन."

"मग भाऊची शेड बुडली असती ते?"

"म्हणून तर सगळ्या मी कापल्या," काका म्हणाले आणि जेवायला लागले.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. कधी वाटतं, त्यांनी पूजेतच हे सगळं ठरवलं होतं, म्हणून ते बाजूला उभे राहिले. कधी वाटतं, ते नुसते भिडेला बळी पडले आणि मागाहून जुळवलं. कधी वाटतं, त्यांना खरोखरच आठवत होतं की आपण कापल्या. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि मुलाकडे धुळ्याला गेले. निरोपसमारंभ करू दिला नाही. म्हणाले, भाषणात लोक नको ती हमी देतात. त्यांच्या अटी अजून आमच्या बिलामागे आहेत, उंदरासकट. आता त्या वाचून दाखवायचं काम माझं आहे. मी बसून वाचते.

पण कामरेजच्या त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा भाऊ मशीन तापवत होता. त्याची बायको गाडीपर्यंत आली. या वेळी सासूबाईंनी सीलबंद पिशवीवरच वरून कुंकू लावलं होतं आणि त्या नाराज होऊन आत जाऊन बसल्या होत्या. तिनं माझ्या गाडीचं दार धरून ठेवलं.

"ताई, या वेळी होईल ना? नक्की?"

याचं योग्य उत्तर मला पाठ आहे. माल ठरलेल्या दर्जाचा आहे. वापराची परिस्थिती आमच्या ताब्यात नसल्यामुळे परिणामाबद्दल कंपनी कोणतीही हमी देत नाही. मशीन जुनं होतं, ड्रायर नव्हता, हवा दमट होती, आणि मला नायलॉनमधलं कारकुनीपलीकडे काही कळत नाही.

"होईल," मी म्हटलं. "मी आहे ना."

तिनं दार सोडलं. ती हसली आणि धावतच शेडकडे गेली, सांगायला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. लिव्हर पास झाला, भाऊची शेड चालू आहे, हे सगळं पुढचं. त्या वेळी मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हायवेला लागेपर्यंत मी विचार करत होते की हे मी कंपनीच्या वतीनं बोलले की माझ्या, आणि लिव्हर पुन्हा फुटले तर मी नेमकं काय करणार. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "बेन, सरळ घरी की ऑफिसला?" मला तेही पटकन सांगता आलं नाही.